खालच्या टाकीचा दिवा

“हे मेलं म्हणायचं, की बाळंत झालं?”

हा प्रश्न मला एका मंगळवारी सकाळी, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरील एका घराच्या बैठकीच्या खोलीत विचारला गेला. विचारणाऱ्या बाईंच्या हातात काचेचा पेला होता आणि पेल्यात पांढरे, झिरझिरीत झालेले समुद्री शैवाल. बाई सेवानिवृत्त परिचारिका. त्यांची सगळी नोकरी प्रसूतिकक्षात, तीही बहुतांशी रात्रपाळीत झाली होती. त्यामुळे प्रश्नातील दोन्ही क्रियापदे त्या अनुभवाने वापरत होत्या. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. पेल्यात काय घडले होते ते मला सांगता आले, आणि मी ते सांगितलेही. पण त्या घटनेला मरण म्हणावे की प्रसूती, याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही आणि आजही देता येत नाही. ज्यांच्या हातून ती घडली त्या गृहस्थांविषयी मात्र थोडे लिहिता येईल.

त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळा त्यांनी लवकर सोडली होती आणि पुढे कोणाला काही शिकवल्याचेही ऐकिवात नाही. हे नाव त्यांना रंगमंदिरात मिळाले. तेथे ते दिव्यांच्या फळीपुढे बसत. “अरे दिवेवाल्या” अशी हाक मारणाऱ्या एका नटाला त्यांनी एकदा अख्खा दुसरा अंक अर्ध्या चेहऱ्याने करायला लावला. उरलेला अर्धा चेहरा पडदा पडेपर्यंत काळोखात राहिला. तेव्हापासून लहानथोर सगळे ‘मास्तर’ म्हणू लागले, आणि सर्वांत आधी तो नट.

त्यांच्या उमेदीच्या काळात दिवे मंद करण्याची साधने म्हणजे तापलेल्या तारांच्या पेट्या असत. थंडीच्या दिवसांत पडद्यामागची मंडळी त्यांच्याभोवती हात शेकायला जमत. मास्तरांच्या उजव्या पंज्याच्या कडेला भाजल्याची एक जुनी रेघ होती, ती त्या पेट्यांची. उजेडाविषयी त्यांची मते ठाम होती. घरी परतताना प्रेक्षकाने दिव्यांविषयी अवाक्षरही काढले नाही, तर प्रकाशयोजना साधली असे ते मानत. रिकाम्या प्रेक्षागृहात दिवा जळता कामा नये, हा त्यांचा नियम. आणि आठवड्यातून एक दिवस दिव्यांना सुट्टी मिळालीच पाहिजे, हा त्याहून कडक नियम. रंगमंदिरात सोमवारी खेळ नसे. त्या दिवशी मास्तर स्वतः जाऊन मुख्य खटका खाली ओढत, दिवे पूर्ण निवू देत आणि मऊ फडक्याने एकेक भिंग पुसत. “दिव्याला विश्रांती दिली नाही तर तो रुसतो,” ते सांगत, “आणि रुसतो तो नेमका राजाच्या मरणाच्या प्रवेशात.”

घरी मात्र ते संध्याकाळी कधी नसत. मुलीचे वाढदिवस सकाळी, शाळेच्या आधी उरकले जात. पत्नी म्हणे, “गावाला उजेड आणि घराला टांग.” त्यात राग किती आणि कौतुक किती, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. मास्तर सेवानिवृत्त झाले त्याच वर्षी पत्नी वारली. त्यानंतर त्यांची थोरली बहीण त्यांच्याकडे राहायला आली. त्याच या परिचारिका; इमारतीत सगळे त्यांना अक्का म्हणतात.

टाकी लेकीची होती. तिला समुद्राच्या तळाची मोजणी करणाऱ्या एका जहाजावर यंत्रे सांभाळण्याची नोकरी लागली आणि दीड वर्षाचा करार झाला. खाऱ्या पाण्याची ती टाकी तिने स्वतः उभी केली होती. बैठकीच्या खोलीत एका लाकडी कपाटावर काचेची मोठी टाकी, आणि कपाटाच्या पोटात दुसरी, लहान. एकच पाणी वरून खाली आणि खालून वर फिरत राही. वरच्या टाकीत केशरी-पांढऱ्या माशांची एक जोडी होती आणि एक मँडरिन मासा. हा मासा निळ्या-हिरव्या नागमोडी रेघांचा, बोटाएवढा आणि खाण्याच्या बाबतीत कमालीचा हट्टी. दुकानातले कोरडे खाणे तो हुंगतही नाही. त्याला दिवसभर दगडांवरचे जिवंत, बारीक कवचधारी जीव टिपायला लागतात. घरात त्यांना ‘ठिपके’ म्हणत. हे ठिपके वाढत ते खालच्या टाकीतल्या शैवालाच्या गर्दीत. शैवाल पाण्यातली घाण शोषी, ठिपक्यांना आसरा देई. ठिपके पाण्याबरोबर वर जात आणि मासा जगे. थोडक्यात, कपाटाच्या पोटातली ती हिरवी जाळी म्हणजे त्या माशाची भरलेली कोठी होती.

टाकी विकून टाकावी, असे अक्कांचे मत होते. लेकीने बापाला विचारले.

“बाबा, तुम्ही सांभाळाल?”

“हा?” अक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “अगं, चाळीस वर्षांत याने घरातला साधा बल्ब बदललेला नाही. स्टूल धरायलासुद्धा मीच.”

“आत्या, मी त्यांना विचारतेय.”

“सांभाळतो,” मास्तर म्हणाले. नंतर जिन्यात मला भेटले तेव्हा त्यांनी हे दोनदा सांगितले: “तिने मला विचारलं, सर. अक्काला नाही, मला.” पोरीचे एकही आजारपण त्यांनी उशाशी बसून काढले नव्हते, आणि ते त्यांना माहीत होते. तिची एखादी वस्तू त्यांच्या हाती सोपवली जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

लेकीने जाताना सगळे नीट समजावून सांगितले. वरचा दिवा टायमरवर होता. सकाळी उजळे, संध्याकाळी मावळे. खालच्या टाकीचा दिवा मात्र अहोरात्र चालू. “त्याला हात लावायचा नाही,” एवढेच ती त्याविषयी बोलली. तेवढ्यात गाडी दाराशी आली, आणि का लावायचा नाही हे सांगायचे राहून गेले.

पहिली कुरबुर अक्कांची. त्यांचा पलंग बैठकीच्या खोलीत, टाकीच्या समोरच्या भिंतीला होता. कपाटाच्या दारांच्या फटीतून आणि मागच्या झरोक्यांतून खालच्या दिव्याचा गुलाबी-जांभळा उजेड रात्रभर छतावर पसरे.

“अरे, त्या कपाटात तू सकाळ कोंडून ठेवली आहेस का?”

“डोळे मिटून झोप की, अक्का.”

“मिटलेल्या डोळ्यांनाही उजेड कळतो. आणि उजेडाचं तू मला शिकवू नकोस. तू लोकांना अंधारात बसवलंस, मी पोरं उजेडात आणली.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “सगळी नोकरी दिव्याखाली जागून काढली रे. आता रात्रीचा अंधार मिळू दे. दुसरं काही मागते का मी?”

हे मागणे रास्त होते आणि मास्तरांना ते तसेच वाटले. त्यांनी माळ्यावरून रंगमंचाचे काळे जाड कापड काढले आणि कपाट चहूबाजूंनी असे शिवून काढले, की उजेडाचा कणही बाहेर येऊ नये. आला नाही. पण हवाही आत जाईना. पंप तापले, काचेवर आतून पाणी ओघळू लागले, टाकीचे पाणी कोमट झाले. कापड दुसऱ्या दिवशी उसवावे लागले.

तेव्हा मास्तरांनी स्वतः वेळापत्रक लावले. या ठिकाणी त्यांचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. अन्य कोणत्याही विषयात ते पाच जणांना विचारून पाऊल टाकत. भाजी कुठली आणायची, हेही अक्कांना विचारत. पण दिवा कधी लावायचा आणि कधी मालवायचा, हे त्यांना आयुष्यात कोणी सांगितले नव्हते. कायम जळणारा दिवा त्यांना एखाद्या व्याकरणाच्या चुकीसारखा खुपे. “ती योजना नव्हे, तो विसराळूपणा,” ते मला म्हणाले होते. “तिला टायमर एकच मिळाला असेल. दुसरा मी आणतो.” आणि त्यांनी आणला. दोन्ही दिवे आता एकत्र लागू लागले, एकत्र मालवू लागले. अक्का झोपल्या. आणि सोमवारी, चाळीस वर्षांच्या सवयीला अनुसरून, मास्तरांनी दोन्ही दिवे दिवसभर बंद ठेवले, निवू दिले आणि त्यांची भिंगे मऊ फडक्याने पुसली.

पुढच्या सोमवारी तसेच. काही बिघडले नाही. उलट पाणी अधिक स्वच्छ दिसते, असे मास्तरांचे मत पडले. तिसऱ्या सोमवारी भिंगे पुसताना त्यांना दिसले, की शैवालाच्या पिसासारख्या पानांची टोके फिकट झाली आहेत आणि त्यांत बारीक जाळीसारखी नक्षी उमटली आहे. त्यांनी विजेरी तिरपी धरून पाहिली. नक्षी त्यांना आवडली.

मंगळवारी सकाळी अक्का उठल्या तेव्हा टाकीत पाण्याऐवजी तांदळाचे धुवण भरल्यासारखे दिसत होते. मासे दिसेनात. अक्कांनी काचेला नाक लावले आणि मग त्यांना दिसले, की तिन्ही मासे अगदी वर, पाण्याच्या कडेशी आहेत आणि त्यांचे कल्ले भराभर उघडमिट करत आहेत.

“ऊठ! तुझ्या माशांना धाप लागलीय!”

मास्तर धावत आले आणि खोलीच्या मधोमध उभे राहिले. दिवा लावावा, एवढेच त्यांना सुचले.

“दिवा काय लावतोस? हवा दे आधी! हवेचं यंत्र कुठे ठेवलंय पोरीने?”

हवेचे यंत्र खणात होते. अक्कांनीच नळी सोडली. बुडबुडे सुरू झाले. मग दोघांनी मिळून लेकीने पिंपांत तयार करून ठेवलेले खारे पाणी तांब्या-तांब्याने टाकीत घातले आणि गढूळ पाणी उपसून न्हाणीघरात ओतले. अक्कांची साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. मला बोलावणे आले तेव्हा मासे खाली उतरले होते. ते तिन्ही वाचले. खालच्या टाकीत मात्र पांढऱ्या चिंध्या तरंगत होत्या. अक्कांनी त्यांतली एक पेल्यात घेतली आणि मला वरील प्रश्न केला.

मी सांगितले ते असे. या शैवालाला कौलर्पा म्हणतात. जमिनीवर पसरणाऱ्या वेलासारखा त्याचा दांडा, त्यावर पाने, खाली मुळांसारखे तंतू. पण हा सगळा पसारा म्हणजे एकच पेशी असते. आत एकही भिंत नाही. बीजपेशी सोडायची वेळ आली की ते आतला जवळजवळ सगळा जीवनरस एका पहाटे पाण्यात सोडून देते. मागे उरते ते रिकामे कवच. ही वेळ नेमकी का येते हे ठामपणे सांगता येत नाही. टाक्या बाळगणाऱ्यांचा अनुभव असा, की उजेडाचा क्रम विस्कटला तर ती ओढवू शकते. म्हणून पुष्कळ जण या जातीवरचा दिवा मालवतच नाहीत.

अक्कांनी ऐकून घेतले. “म्हणजे पोरांसाठी आईने स्वतःला पुरतं रितं केलं,” त्या म्हणाल्या. “आणि पोरं?”

“या टाकीत ती जगण्याची शक्यता फार कमी.”

“मग कशाला?” असे म्हणून त्यांनी पेला मोरीत पालथा केला.

मास्तर खुर्चीवर बसले होते. त्यांनी एकच विचारले: “आणि ठिपके?” शैवाल गेले म्हणजे ठिपक्यांचा आसरा गेला. दगडांवर काही उरले असतील, पण मँडरिन मासा ते थोड्या दिवसांत वेचून संपवील. हे मला बोलावे लागले नाही. माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ते ताडले.

लेकीला कळवायला त्यांनी गुरुवार केला. “तू सांगतोस की मी सांगू?” असे अक्कांनी तिसऱ्यांदा विचारले तेव्हा फोन लावला. त्या वेळी मी तेथेच होतो. जहाजावरून आवाज तुटक येई, म्हणून मास्तरांनी फोनचा आवाज मोठा केला होता.

“अगं, खालचं सगळं पांढरं पडलं.”

“दिवा बंद केला होता?”

“हो.”

“रात्री?”

“रात्री. आणि सोमवारी.”

“सोमवारी का?”

“सोमवारी सुट्टी असते ना.”

लेक हसली. हसू मध्येच थांबले. “बाबा, शैवालाला कसली सुट्टी? ते काय नाटकात काम करतं?” मग, “मासा कसा आहे?”

“फिरतोय.”

“फिरेल हो. तो मरेपर्यंत फिरतच असतो. ऐका. माशांच्या दुकानदाराच्या टाक्यांत ठिपके असतात, मासा त्याला देऊन टाका.”

“मला थोडे दिवस दे.”

“मी कशी देऊ? दिवस त्याच्या पोटात आहेत, माझ्याकडे नाहीत.” तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच मास्तरांना अधिक लागले असावे. “रोज एक फोटो पाठवा. पोट आत गेलेलं दिसलं की मी सांगेन, आणि मी सांगितलं की द्यायचा. आत्याला फोन द्या.”

अक्कांनी फोन घेतला नाही. “मला काही बोलायचं नाही,” त्या खुणेनेच म्हणाल्या. दिवा बंद करायचे मागणे आपले होते, हे त्या विसरल्या नव्हत्या.

त्याच दुपारी मास्तर दुकानात गेले. दुकानदार हा मोजके बोलणारा, सतत हात पुसणारा माणूस. त्याने कौलर्पा पुन्हा नेऊ नका, असे सुचवले आणि दुसऱ्या जातीचे शैवाल दाखवले: भांडी घासायच्या तारेच्या गुंडाळीसारखे, राठ, गडद हिरवे. एकाला एक जोडलेल्या पेशींची लांब सूत्रे असतात ती. म्हणून ते असे एका पहाटे अंग टाकत नाही, आणि त्याला रात्र चालते. मास्तरांनी गुंडाळी पाण्यात हलवली तेव्हा त्यातून ठिपक्यांचा धुरळा उठला. त्यांनी दोन मोठ्या गुंडाळ्या घेतल्या.

आता वेळापत्रक. या वेळी मास्तर माझ्याकडे वर आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, “सर, माझं डोकं बाजूला ठेवा. दिवा कधी लावू?”

मी त्यांना पर्याय सांगितले. टाक्या बाळगणारे बहुधा खालचा दिवा उलट्या पाळीने लावतात: वर दिवस असेल तेव्हा खाली रात्र, आणि वर रात्र असेल तेव्हा खाली दिवस. अंधारात सगळेच जीव श्वासावाटे पाण्यात कर्बवायू सोडतात आणि पाणी आम्लतेकडे झुकते. खाली शैवाल उजेडात असेल तर ते हा वायू शोषते आणि पाणी तोल सांभाळते. सर्वांत चांगला मार्ग हाच. पण त्यात खालचा दिवा रात्रभर जळणार. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही दिवे दिवसा. त्यात अक्कांना अंधार मिळेल, पण पाण्याला रात्रभर आधार राहणार नाही आणि शैवालही नवे, अजून न रुळलेले.

मास्तर खाली गेले. त्यांचे बोलणे जिन्यातून ऐकू येत होते.

“मी आतल्या खोलीत झोपते,” अक्का म्हणाल्या. “लाव तुझा दिवा रात्रभर.”

“आतल्या खोलीला खिडकी नाही. तुझा पलंग इथून हलणार नाही.”

“मग मर तिकडे. एवढा मोठा दिवेवाला, आणि एका म्हातारीची झोप आणि एका माशाचं पोट याची सांगड घालता येत नाही?”

“तू सांग मग.”

“मी सांगते. मी आठला आडवी होते आणि चारला उठते. वॉर्डातली शेवटची फेरी चारची, ती सवय काही जात नाही. चारला उठले की लाव. मला उजेड हवाच असतो, भिंतीला धरून न्हाणीघरात जाते मी.”

त्यावर दोघांनी टेबलावर काड्यापेटीच्या काड्या मांडून दिवस आखला. खालचा दिवा अक्कांच्या पहाटेपासून दुपारपर्यंत. वरचा दिवा दुपारी लागणार आणि अक्का आडव्या होताना मावळणार. त्यामुळे पाण्याला दिवसातला बराच वेळ कुठल्या ना कुठल्या दिव्याची सोबत राही आणि पहाटे, जेव्हा पाणी सर्वांत थकलेले असते, तेव्हा शैवाल आधी जागे होई. मधल्या अंधारासाठी हवेचे यंत्र. शास्त्राच्या दृष्टीने हा उत्तम मार्ग नव्हता. मी पहाटेच्या पाण्याची तपासणी करायला सांगितली. अक्का रोज उठल्यावर नळीत पाणी घेत, त्यात आम्लता दाखवणारे थेंब टाकून रंग उजेडात धरून पाहत आणि “ताप नाही” किंवा “थोडी कणकण” असे सांगत. कणकण पहिल्या आठवड्यातच काय ती झाली.

पण खरा प्रश्न माशाच्या पोटाचा होता. नव्या गुंडाळीतले ठिपके वाढायला वेळ लागणार आणि मासा रोज खाणार. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्याच्या कुशीत खळगा दिसू लागला. त्या दिवशीचा फोटो मास्तरांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेऊन काढला आणि पाठवण्याआधी अक्कांना दाखवला. मी वर्तमानपत्र परत द्यायला गेलो होतो, मीही पाहिला. मासा गुबगुबीत दिसत होता.

अक्कांनी फोटो पाहिला, मग टाकी पाहिली, मग पुन्हा फोटो.

“हे कसं केलंस?”

मास्तरांनी विजेरी खिशात सरकवली.

“विजेरी खालून धरलीस ना? पोटाखालची सावली खाल्लीस.”

“दोन दिवसांचा प्रश्न आहे, अक्का. ठिपके वाढतायत. काचेवर दिसायला लागलेत. आज खरा फोटो पाठवला तर ती द्यायला सांगेल.”

“सांगू दे. टाकी तिची आहे.”

“मासा इथे राहिला पाहिजे. माझ्याकडे दिला होता तिने.”

“मासा दिला होता, की त्याच्यावर दिवे मारायचं काम दिलं होतं?” अक्का म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहून त्यांनी विषय थांबवला. मास्तरांनी माझ्यासमोरच बटण दाबले. फोटो गेला.

पुढच्या तासाभरात काय झाले हे मला अक्कांनी नंतर सांगितले. मास्तर टाकीसमोर बसून राहिले. नाटकात त्यांनी रोडक्या नटांना राजे केले होते आणि धडधाकट नट्यांना मरणपंथाला लावले होते. ते कौशल्य त्यांना कधी लाजिरवाणे वाटले नव्हते, कारण समोर बसलेल्याला माहीत असे की आपण नाटकाला आलो आहोत. लेक नाटकाला आली नव्हती. संध्याकाळी त्यांनी दुसरा फोटो काढला. विजेरी बाजूला ठेवली, उजेड फक्त वरच्या दिव्याचा, सरळ खाली पडणारा. कुशीतला खळगा काळा, स्पष्ट दिसत होता. खाली त्यांनी लिहिले: “मघाचा खोटा. हा खरा. सांगशील तसं.”

फोन लगेच आला.

“बाबा, मघाचा फोटो मी मोठा करून पाहिला होता. वरून उजेड आणि पोटाखाली सावली नाही, असं कसं होईल? मी काय परक्याची मुलगी आहे?”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तुम्ही बोलता का, ते पाहत होते.” मग तिने नवा फोटो मोठा केला असावा. “डोक्यामागचं मांस अजून भरलेलं दिसतंय. ते आत गेलं तर मग काही उपयोग नाही. काचेवर ठिपके किती आहेत?”

“वरचा दिवा मालवला की विजेरीत दिसतात. परवा बोटावर मोजण्याइतके होते. आज मोजता येत नाहीत.”

“विजेरी कुठून धरून?”

“समोरून,” मास्तर म्हणाले. “शपथ.”

“बरं. ठेवा चार दिवस. रोज वरच्या दिव्यातला फोटो.”

चार दिवसांनी तिने आणखी चार दिले आणि मग मोजायचे सोडून दिले. खळगा हळूहळू भरत गेला. पहाटे चारला खालचा दिवा लागे, अक्का भिंतीला धरून न जाता सरळ चालत जात, आणि तारेसारख्या राठ झालेल्या त्या गुंडाळीतून ठिपके वर चढत. गुंडाळी एवढी वाढली की दर पंधरवड्याला तिचा अर्धा भाग कापून दुकानदाराला द्यावा लागे. सोमवारी मास्तर सकाळीच बाहेर पडत आणि दुपारी परतत. हात शिवशिवतात, असे कारण सांगत. भिंगे पुसायचे काम त्यांनी अक्कांकडे सोपवले होते. त्या दिवा चालू ठेवूनच पुसत.

लेक परतली तेव्हा मी दारातच भेटलो. तिने पिशवी ठेवली, टाकीपुढे उकिडवी बसली आणि मासा दगडामागून बाहेर येईपर्यंत तिथून हलली नाही. मग कपाट उघडून तिने टायमर पाहिला.

“हे कुठल्या पुस्तकातलं वेळापत्रक?”

“आत्याच्या झोपेचं,” मास्तर म्हणाले. “बदलायचं असेल तर बदल.”

तिने कपाटाचे दार लावून घेतले. “चहा आहे का, आत्या?”

तिला घरी महिनाभर राहायचे होते. त्यानंतर पुन्हा जहाज. जाताना या वेळी तिने काहीच समजावले नाही. फक्त पिंपांत मीठ किती उरले आहे तेवढे पाहिले आणि नवे पोते मागवून ठेवले.

२०१८ साली लेकीने बंदराजवळ घर घेतले. टाकी मास्तरांकडेच राहिली. मँडरिन मासा २०२१च्या मार्च महिन्यात मेला.